बालचित्रपुस्तकांचे शिल्पकार : रँडॉल्फ कॉल्डेकॉट (१८४६-१८८६)

अमेरिकेतील ग्रंथपालांची संघटना दरवर्षी लहान मुलांच्या सर्वोत्कृष्ट चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला एक पदक प्रदान करते. १९३७ साली फ्रेडरिक मेल्चर यांनी हे पदक सुचविले आणि १९३८ साली ते प्रथम देण्यात आले. पहिले पदक डोरोथी लॅथ्रॉप यांना मिळाले, तेही बायबलमधील पशुपक्ष्यांवरील चित्रपुस्तकासाठी, ही आपल्या वाचकांना विशेष आनंद देणारी गोष्ट होय. पदकाच्या एका बाजूस उधळलेल्या घोड्याची मान घट्ट धरून बसलेला एक घाबरलेला गृहस्थ कोरलेला आहे. घोड्यामागे कुत्री धावत आहेत, बदके जीव घेऊन बाजूला होत आहेत. हे चित्र ज्यांच्या लेखणीतून उतरले, त्यांचेच नाव त्या पदकाला देण्यात आले आहे. ते नाव म्हणजे रँडॉल्फ कॉल्डेकॉट.

पदकाचे नाव पालकांच्या आणि शिक्षकांच्या कानावर असते. परंतु त्या नावामागचा माणूस मात्र बहुतेकांना अपरिचित असतो. बँकेतील कारकुनी सोडून चित्रकार झालेला, दुबळे हृदय आणि पोटाचे दुखणे आयुष्यभर सोबत वागविणारा, चाळिशीही न गाठता परक्या भूमीत देह ठेवणारा हा माणूस. त्याने जगातील मुलांना दिलेली देणगी मात्र आनंदाची होती. तिचे मोल समजून घेण्यासाठी त्यांचे जीवन जाणून घेणे अगत्याचे आहे.

बालपण आणि बँकेची नोकरी

रँडॉल्फ यांचा जन्म २२ मार्च १८४६ रोजी इंग्लंडमधील चेस्टर या जुन्या तटबंदीच्या शहरात झाला. वडील जॉन कॉल्डेकॉट हे टोप्यांचे व्यापारी होते. दोन विवाहांपासून त्यांना तेरा अपत्ये झाली. रँडॉल्फ हे पहिल्या पत्नीचे तिसरे अपत्य. लहानपणापासून या मुलाला प्राण्यांची चित्रे काढण्याचा आणि मातीतून, लाकडातून त्यांच्या आकृती घडविण्याचा नाद होता. शिक्षण शहरातील किंग्ज स्कूलमध्ये झाले. एवढ्या मोठ्या कुटुंबातील मुलाने चित्रकलेवर पोट भरावे, ही कल्पना त्या काळी कोणत्याही व्यवहारी पित्याला पटण्यासारखी नव्हती. त्यामुळे १८६१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, शाळा संपताच रँडॉल्फ यांची रवानगी श्रॉपशायरमधील व्हिटचर्च या गावी बँकेत कारकून म्हणून झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस चेस्टर येथील रेल्वे स्थानकासमोरील मोठ्या हॉटेलला आग लागली. त्या आगीचे रँडॉल्फ यांनी काढलेले चित्र लंडनच्या एका सुप्रसिद्ध सचित्र साप्ताहिकात छापून आले. हे त्यांचे पहिले प्रकाशित चित्र होय.

व्हिटचर्चमध्ये ते शहरात न राहता जवळच्या विर्सवॉल या खेड्यात राहिले. बँकेचे काम आटोपले की शेतांतून, बाजारांतून, गुरांच्या जत्रांतून हिंडावे, घोड्यावर रपेट करावी, शिकाऱ्यांच्या टोळीबरोबर जावे, असा त्यांचा क्रम असे. खिशात नेहमी छोटी वही असे. कुंपणावरून उडी घेणारा घोडा, दारात गप्पा मारणारी गवळण, चिखलातून चालणारी बदके, बाजारात डुलक्या घेणारा म्हातारा शेतकरी, असे सारे त्या वहीत उतरत गेले. पुढे त्यांच्या पुस्तकांत जी घरे, जे रस्ते, जी माणसे दिसतात, त्यांतील पुष्कळशी याच प्रदेशातील आहेत. सहा वर्षांची ही नोकरी वरवर पाहता वाया गेलेली वाटते. प्रत्यक्षात तीच त्यांची पहिली कलाशाळा ठरली.

१८६७ साली त्यांची नेमणूक मँचेस्टर येथील बँकेत झाली. धुराने काळवंडलेल्या त्या गिरण्यांच्या शहरात त्यांनी संध्याकाळी कलाशाळेच्या वर्गांना जाण्यास सुरुवात केली. दिवसा खातेवह्या आणि रात्री रेखाटन, असे हे दुहेरी आयुष्य होते. स्थानिक नियतकालिकांत त्यांची विनोदी चित्रे प्रसिद्ध होऊ लागली. चित्रकार टॉमस आर्मस्ट्राँग यांची ओळख झाली. संपादक हेन्री ब्लॅकबर्न यांनी त्यांची चित्रे लंडनच्या मासिकात छापली. अखेर १८७२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी खातेवही कायमची मिटली आणि ते लंडनला आले. पाठीशी संपत्ती नव्हती आणि प्रकृतीही भरवशाची नव्हती. लहानपणीच्या आजाराने त्यांचे हृदय कमकुवत झाले होते.

लंडन : शिकण्याची वर्षे

ब्रिटिश म्युझियमसमोरील ग्रेट रसेल स्ट्रीटवर त्यांनी खोल्या घेतल्या आणि पुढील सात वर्षे बहुतांशी तेथेच काढली. त्यांचा स्वभाव मनमिळाऊ असल्याने थोड्याच काळात मोठा मित्रपरिवार जमला. पॅरिसहून आलेले शिल्पकार ज्यूल दालू यांच्याशी त्यांनी एक गमतीचा व्यवहार केला. कॉल्डेकॉट यांनी दालूंना इंग्रजी शिकवावे आणि दालूंनी त्यांना मातीकाम शिकवावे, असे ठरले. सर फ्रेडरिक लेटन यांच्या घरातील प्रसिद्ध अरबी दालनासाठी त्यांनी पक्ष्यांच्या आकृतींनी नटलेले स्तंभशीर्ष तयार केले. घोडा किंवा पक्षी चालताना, वळताना, झेपावताना त्याच्या शरीराचा भार कोठे पडतो, हे त्यांना हाताने कळत होते. म्हणूनच पुढे दोन-चार रेषांत ते संपूर्ण प्राणी उभा करू शकले.

ख्याती मिळाली ती मात्र पुस्तकामुळे. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांनी जुन्या इंग्लंडमधील नाताळचे वर्णन केलेले लेख जेम्स कूपर या ठसे कोरणाऱ्या कारागिरास सचित्र स्वरूपात काढायचे होते. त्यांनी हे काम कॉल्डेकॉट यांच्याकडे सोपविले. १८७५ सालच्या नाताळात हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि वाचकांनी ते उचलून धरले. त्यापाठोपाठ १८७७ साली आयर्व्हिंग यांचेच ‘ब्रेसब्रिज हॉल’ आले. ही दोन्ही पुस्तके एडमंड एव्हान्स नावाच्या एका मुद्रकाच्या नजरेस पडली आणि बालसाहित्याच्या इतिहासाला वळण मिळाले.

एका शिलिंगचे पुस्तक

एव्हान्स हे केवळ छापखान्याचे मालक नव्हते, तर रंगीत छपाईतील कसलेले कारागीर होते. त्या काळी मुलांसाठी निघणारी स्वस्त चित्रपुस्तके भडक रंगांची आणि ओबडधोबड असत. मुलांना काय कळते, त्यांना काहीही चालते, असा सर्वसाधारण समज होता. एव्हान्स यांना तो मान्य नव्हता. उत्तम रेखाटन आणि संयमित रंग वापरूनही पुस्तक स्वस्त ठेवता येते, मात्र त्यासाठी प्रती मोठ्या संख्येने छापल्या पाहिजेत, असे त्यांचे गणित होते. वॉल्टर क्रेन यांच्या साहाय्याने त्यांनी हे आधी सिद्ध केले होते. क्रेन यांनी हे काम थांबविल्यावर ते कॉल्डेकॉट यांच्याकडे आले. त्याच सुमारास त्यांनी केट ग्रीनअवे यांनाही पुढे आणले. एकाच मुद्रकाच्या हाताखाली हे तिघे चित्रकार मोठे झाले, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

छपाईची पद्धत कष्टाची होती. कॉल्डेकॉट शाईने रेखाचित्र काढीत. ते लाकडी ठशावर कोरले जाई. त्याचा छापील नमुना चित्रकाराकडे परत येई व त्यावर ते जलरंग भरीत. मग त्या रंगांबरहुकूम प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जाई. मूळ रेषा गडद तपकिरी, त्यावर चेहऱ्यांसाठी त्वचेचा रंग, मग तांबडा, निळा, पिवळा आणि करडा. एकच कागद सहा वेळा यंत्राखालून जाई आणि प्रत्येक वेळी तो नेमक्या जागीच बसावा लागे.

मोबदल्याच्या बाबतीत या माजी बँक कारकुनाने धोरणीपणा दाखविला. त्यांनी चित्रांची ठरावीक रक्कम घेतली नाही. पुस्तके खपली तर प्रत्येक प्रतीमागे थोडी रक्कम मिळावी, न खपली तर काहीच नको, अशी त्यांची बोली होती. १८७८ सालच्या नाताळसाठी पहिली दोन पुस्तके तयार झाली. एक ‘जॉन गिल्पिन’, म्हणजे घोडा उधळल्यामुळे मुक्कामाचे गाव मागे टाकून भलतीकडेच पोहोचलेल्या कापड व्यापाऱ्याची विल्यम कूपर यांची विनोदी कविता. आणि दुसरे ‘जॅकने बांधलेले घर’ हे पारंपरिक बडबडगीत. किंमत प्रत्येकी एक शिलिंग. रूटलेज या संस्थेने ती प्रकाशित केली. दहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती बघता बघता संपली. तेव्हापासून दर नाताळला दोन, असा नेम १८८५ पर्यंत चालू राहिला. आठ वर्षांत सोळा पुस्तके झाली. गोष्टी व गाणी ते स्वतः निवडीत आणि क्वचित त्यांत आपल्या पदरची भरही घालीत.

शब्द थांबतात तेथे चित्र बोलते

या पुस्तकांत असे काय होते? त्यापूर्वीही मुलांच्या पुस्तकांत चित्रे होतीच. परंतु चित्राचे काम शब्दांचा पुनरुच्चार करण्याचे मानले जाई. मजकुरात घोडा असेल तर चित्रातही घोडा, एवढेच. कॉल्डेकॉट यांनी चित्राला स्वतःचे मनोगत दिले. जे शब्दांत आहे ते त्यांनी शब्दांवर सोपविले आणि जे शब्दांत नाही ते चित्रात सांगितले.

‘जॅकने बांधलेले घर’ या गीतात मांजराला छळणारा कुत्रा येतो आणि त्या कुत्र्याला शिंगांवर घेणारी गाय येते. कॉल्डेकॉट यांच्या चित्रात कुत्रा आपल्या पराक्रमावर खूश होऊन निवांत बसलेला आहे आणि मागून गाय पुढे येत आहे. गीताचा पुढील चरण अजून वाचलेला नाही. पण चित्र पाहणाऱ्या मुलाला कुत्र्याआधीच कळते की आता काय घडणार!

मांजर, सारंगी आणि चंद्रावरून उडी मारणारी गाय यांचे प्रसिद्ध इंग्रजी बडबडगीत त्यांनी १८८२ साली चितारले. गीताच्या शेवटी थाळा चमचीला घेऊन पळून जातो, इतकेच शब्द आहेत आणि ऐकणारे हसतात. कॉल्डेकॉट येथे थांबत नाहीत. ते पान उलटायला लावतात. पुढच्या चित्राला शब्दच नाहीत. त्यात थाळ्याचे तुकडे होऊन पडले आहेत आणि चमचीला तिचे आईवडील, म्हणजे सुरी आणि काटा, धरून घरी नेत आहेत. खळखळून हसणारे मूल क्षणभर गप्प होते. पळून जाण्याचाही काही परिणाम असतो, हे उपदेशाचा एकही शब्द न उच्चारता त्याला उमगते.

त्याच पुस्तकातील दुसरे गीत तान्ह्या बाळाचे आहे. बाळाला गुंडाळण्यासाठी वडील सशाचे कातडे आणायला जातात. कातडे येते, बाळ त्यात सजते, गीत संपते. त्यानंतर कॉल्डेकॉट आणखी एक चित्र देतात. सशाच्या कातड्याचा पेहराव केलेले, लांब कानांची टोपी घातलेले बाळ आईबरोबर फिरायला निघाले आहे आणि टेकाडावर बसलेल्या जिवंत सशांकडे ते टक लावून पाहत आहे. त्या बाळाच्या मनात काय आले असेल, हे चित्रकार सांगत नाहीत. आपली ऊब कुणाच्या तरी जिवावर उभी आहे, ही जाणीव मोठ्या माणसांनाही सहजासहजी होत नाही. कॉल्डेकॉट यांनी तिचे बीज तान्ह्या बाळाच्या नजरेत ठेवले.

दुःखाकडेही त्यांनी पाठ फिरविली नाही. १८७९ सालच्या ‘अरण्यातील बालके’ या पुस्तकात आईबापांविना पोरकी झालेली दोन भावंडे लोभी काकाच्या कारस्थानामुळे रानात एकटी पडतात आणि मरण पावतात. ही जुनी लोककथा कॉल्डेकॉट यांनी गोड करून दाखविली नाही. एकमेकांना बिलगून निजलेली मुले आणि त्यांच्यावर पाने आणून पसरणारे छोटे पक्षी, असे ते मरण आहे. मुलांपासून मृत्यू लपविण्याऐवजी तो हळुवारपणे दाखविण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते.

मात्र त्यांचा मूळ पिंड विनोदाचाच. १८८३ सालच्या एका पुस्तकात कोल्ह्याच्या शिकारीचा गलका ऐकून एक पाळक समोर उभ्या असलेल्या वधूवरांना तसेच सोडून, उपासनेचा झगा डोक्यावरून काढून शिकाऱ्यांमागे धावतो! धर्मसेवकांनाही त्यांनी आपल्या चिमट्यातून सोडलेले नाही; आणि तो चिमटा इतका प्रेमळ आहे की धर्मसेवकांनाही हसू आवरू नये.

त्याच वर्षी त्यांनी इसापच्या काही कथांचे पुस्तक चितारले. भाषांतर त्यांचे बंधू आल्फ्रेड यांचे होते. इसाप आपल्या मराठीतही जुनाच. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचे मराठी रूपांतर १८२८ सालचे आहे. कॉल्डेकॉट यांनी प्रत्येक कथेला प्राण्यांच्या चित्राबरोबरच त्यांच्या काळातील माणसांच्या वागण्याचे एक चित्र जोडले. तात्पर्य शब्दांत सांगण्याऐवजी ते समाजात शोधून दाखविण्याची ही त्यांची रीत होती.

कमी रेषा, अधिक आशय

त्यांच्या चित्रांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे काटकसर. रंगीत पानांच्या अधूनमधून त्यांनी तपकिरी शाईतील साधी रेखाटने पेरली. त्यांत पार्श्वभूमी जवळजवळ नसते. कुंपणाची एक रेषा, दूरवरच्या घराचा एक कोन आणि बाकी कोरा कागद. रेषा जितक्या कमी तितक्या चुका कमी, अशी त्यांची धारणा होती. परंतु ती एक रेषा साधेपर्यंत ते तेच चित्र पुनःपुन्हा काढीत. सहजता ही त्यांना मिळालेली नव्हती, ती त्यांनी कमावलेली होती.

या काटकसरीचा त्यांच्या आयुष्याशीही संबंध जोडता येईल. शक्ती थोडी, श्वास अपुरा, हिवाळा आला की दक्षिण फ्रान्सच्या किंवा इटलीच्या उबदार हवेत जावे लागे. १८८० साली त्यांचा विवाह मॅरियन ब्रिंड यांच्याशी झाला. केंट परगण्यात आणि पुढे सरे परगण्यात त्यांनी घर केले. संसार सुखाचा होता. मात्र त्यांना मूलबाळ झाले नाही. लक्षावधी मुलांच्या हाती ज्याची पुस्तके होती, त्याच्या स्वतःच्या घरात पाळणा हलला नाही. तरीही ही खंत त्यांच्या चित्रांत कोठे डोकावत नाही. प्रकृतीच्या तक्रारीही त्यांच्या पत्रांत विनोदी रेखाटनांच्या आडूनच येतात.

अखेरचा प्रवास

१८८५ सालच्या शरद ऋतूत ते पत्नीसह अमेरिकेला निघाले. उबदार हवेत प्रकृती सुधारावी आणि ‘ग्राफिक’ या साप्ताहिकासाठी अमेरिकन जीवनाची रेखाटनेही करावीत, असा दुहेरी हेतू होता. समुद्रप्रवास त्रासाचा झाला. न्यू यॉर्कहून ते टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे सरकत फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टीन या गावी पोहोचले. १५६५ साली स्पॅनिश दर्यावर्दींना संत ऑगस्टीन यांच्या सणादिवशी हा किनारा दिसला, म्हणून या गावाला त्यांचे नाव मिळाले. परंतु १८८६ सालचा हिवाळा फ्लॉरिडातही असाधारण कडक निघाला. ज्या उबेच्या शोधात ते एवढ्या दूर आले होते, तीच तेथे नव्हती. त्या फेब्रुवारीत, चाळिसावा वाढदिवस अवघ्या काही आठवड्यांवर असताना, त्यांचे देहावसान झाले. तेथील एव्हरग्रीन दफनभूमीत ते चिरनिद्रा घेत आहेत.

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या तळघरात त्यांचे स्मारक आहे. शिल्पकार आल्फ्रेड गिल्बर्ट यांनी घडविलेल्या या स्मारकात एक बालक कॉल्डेकॉट यांची प्रतिमा हाती धरून उभे आहे. सेनापती आणि दर्यासारंग यांच्या समाधींच्या त्या वास्तूत मुलांच्या चित्रकारालाही जागा मिळाली.

वारसा

व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांना त्यांची चित्रे प्रिय होती. बिअॅट्रिक्स पॉटर यांच्या वडिलांनी कॉल्डेकॉट यांची मूळ चित्रे विकत घेतली होती. ती पाहत वाढलेली ती मुलगी पुढे पीटर नावाच्या सशाची जगप्रसिद्ध कथाकार आणि चित्रकार झाली. विसाव्या शतकातील थोर अमेरिकन चित्रकार मॉरिस सेंडॅक यांनी तर आधुनिक चित्रपुस्तकाचा आरंभच कॉल्डेकॉट यांच्यापासून मानला. सेंडॅक यांना १९६४ साली कॉल्डेकॉट यांच्याच नावाचे पदक मिळाले होते.

वाचकहो, आपण मुलांसाठी पुस्तक घेतो तेव्हा त्यातून बोध काय मिळेल, हे प्रथम पाहतो. गोष्ट संपली की तात्पर्य विचारतो. ते चूक नव्हे. परंतु कॉल्डेकॉट यांनी मुलांवर आपल्यापेक्षा अधिक विश्वास टाकला. मूल स्वतः पाहील, स्वतः हसेल आणि थांबायचे तेथे स्वतःच थांबेल, ही त्यांची श्रद्धा होती. आयुष्य अपुरे आहे हे जाणणाऱ्या माणसाने दर वर्षी दोन पुस्तके पुरी केली आणि त्यांतील पुष्कळसा कागद मुलांच्या कल्पनेसाठी कोरा ठेवला.

येत्या नाताळात भेट म्हणून एखादे चित्रपुस्तक जरूर निवडावे. ते केवळ मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नये. त्याच्याशेजारी बसावे, मजकूर वाचून झाल्यावर पान उलटण्याची घाई करू नये. मुलाचे बोट चित्रात जेथे जाईल तेथे आपलीही नजर न्यावी. शब्दांत नसलेली एखादी गोष्ट त्याने आधीच पाहिलेली असेल. ती त्याच्याकडून ऐकून घ्यावी.